हाकेला ओ आली, म्हणजे काय कळले?

वर्गात हजेरी घेताना आपण नाव पुकारतो आणि 'हजर' असा आवाज आला की पटावर खूण करतो. या आवाजातून नेमके काय सिद्ध होते? त्या नावाचे कोणीतरी वर्गात आहे, त्याला ऐकू येते आणि बोलता येते, एवढेच. त्याचे लक्ष फळ्याकडे आहे की खिडकीबाहेर, हे 'हजर' या शब्दात नसते. कधीकधी तर शेजारच्यानेच आवाज दिलेला असतो. उलट, आवाज आला नाही तर मुलगा गैरहजर आहे असे आपण धरतो. पण त्याचा घसा बसला असेल, किंवा बाहेरून चाललेल्या वरातीच्या बँडमुळे आपली हाकच त्याच्यापर्यंत पोचली नसेल. शिक्षकाला हे सारे अनुभवाने ठाऊक असते, म्हणून तो पटावरून मान वर करून बाकाकडे पाहतो.

बँका, रुग्णालये, विद्यापीठे आणि आता बऱ्याच शाळा यांच्याकडील संगणकांच्या जाळ्यात अशीच हजेरी रात्रंदिवस घेतली जाते. एक संगणक ठरावीक वेळाने जाळ्यातील प्रत्येक उपकरणाला (राउटर, स्विच, सर्व्हर, छपाईयंत्र, कॅमेरा) एक छोटी हाक मारतो. या हाकेला 'पिंग' म्हणतात. ओ आली तर पडद्यावर त्या उपकरणाच्या नावापुढे हिरवा ठिपका राहतो. न आली तर ठिपका लाल होतो आणि देखभाल करणाऱ्याच्या मोबाइलवर इशारा जातो. ही व्यवस्था स्वस्त आहे, सोपी आहे आणि इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे मोजमापाचे साधन म्हणून कोणी पाहतच नाही. प्रयोगशाळेतल्या तापमापीकडे आपण ज्या चिकित्सेने पाहतो, तीच पिंगला लावून पाहावी, हा या लेखाचा हेतू आहे. माझा आक्षेप पिंगवर नाही; हिरव्या आणि लाल ठिपक्यांतून जो अर्थ काढला जातो, त्यावर आहे.

पिंगचा जन्म डिसेंबर १९८३ मधला. अमेरिकेत मेरीलँड राज्यात अ‍ॅबर्डीन येथे लष्कराची बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरी होती. तेथील संगणकतज्ज्ञ माइक म्यूस यांना प्रयोगशाळेच्या जाळ्यात एक विचित्र बिघाड जाणवला. इंटरनेटच्या नियमांत 'प्रतिध्वनी'ची सोय आधीपासून होती. जॉन पोस्टेल यांनी सप्टेंबर १९८१ मध्ये लिहिलेल्या नियमपत्रात आठ क्रमांकाचा संदेश म्हणजे प्रतिध्वनीची मागणी आणि शून्य क्रमांकाचा संदेश म्हणजे प्रतिध्वनी, असे ठरलेले होते. ज्याच्याकडे मागणी येईल त्याने तोच मजकूर जसाच्या तसा परत पाठवायचा. या सोयीचा उपयोग करणारी सुमारे हजार ओळींची आज्ञावली म्यूस यांनी एका संध्याकाळी लिहून काढली. पाणबुडी शोधणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून तिला 'पिंग' हे नाव दिले. गंमत अशी की आज्ञावली चालू होईपर्यंत मूळ बिघाड त्यांच्या सहकाऱ्याने शोधून दुरुस्तही केला होता. तो यंत्रसामग्रीचा दोष निघाला.

सोनारची उपमा अगदी योग्य आहे, कारण पिंग खरोखर वेळ मोजते. प्रकाशतंतूमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २,००,००० किलोमीटर जातो. मुंबई–दिल्ली अंतर सरळ रेषेत १२०० किलोमीटर धरले, तर जाऊन येण्याच्या २४०० किलोमीटरना किमान १२ मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात तारेचा मार्ग वळणावळणाचा असतो आणि वाटेतल्या प्रत्येक राउटरमध्ये थोडा वेळ जातो, म्हणून आकडा याहून मोठा येतो. दिल्लीतल्या म्हणवणाऱ्या सर्व्हरकडून मुंबईत ३ मिलिसेकंदांत ओ आली, तर उत्तर देणारा दिल्लीत नाही, हे नववीचा विद्यार्थीही छातीठोकपणे सांगू शकेल. पिंगचे हे मोजमाप चोख आहे.

म्यूस यांनी पुढे एका वापरकर्त्याची गोष्ट नोंदवून ठेवली आहे. त्याच्या इमारतीतले जाळे मधूनच तुटत होते. प्रत्येक प्रतिध्वनीबरोबर ध्वनिवर्धकातून 'पिंग' असा शब्द उमटेल अशी जोडणी त्याने केली, आवाज मोठा केला आणि इमारतभर फिरत एकेक जोडणी हलवून पाहिली. आवाज जिथे खंडित झाला, तिथे दोष. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. येथे पिंग माणसाच्या हातात आहे. दोष आहे हे त्याला आधीच माहीत आहे, तो कुठे आहे एवढेच शोधायचे आहे, आणि पिंगबरोबर त्याचे स्वतःचे डोळे-कान-हात काम करीत आहेत. नाडी पाहणारा वैद्य रोग्याचा चेहराही पाहत असतो, तसे. पुढच्या काळात हेच साधन वैद्याच्या हातातून काढून चौकीदाराच्या हाती दिले गेले. दोष आहे की नाही हेच आता त्याने ठरवायचे, तेही एकट्याने, आणि मध्यरात्री माणसाला उठवायचे की नाही हेसुद्धा.

प्रथम हिरव्या ठिपक्याची परीक्षा करू. पिंगला उत्तर कोण देते? संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा अगदी आतला भाग. ज्या कामासाठी तो संगणक बसवला आहे ते काम करणारी आज्ञावली याहून वेगळी असते. म्हणून निकालाच्या दिवशी निकालाचे पान उघडत नाही, हजारो पालक ताटकळतात, आणि सर्व्हरपुढचा ठिपका मात्र हिरवागार असतो, असे घडू शकते. नाडी चालू आहे, माणूस बेशुद्ध आहे. मोठ्या राउटरच्या बाबतीत याचे उलट रूप दिसते. येणारी पाकिटे पुढे ढकलण्याचे मुख्य काम त्यातील खास मंडले करतात, तर पिंगला उत्तर देणे हे त्याच्या छोट्या प्रोसेसरकडे सवडीचे काम म्हणून असते. तो प्रोसेसर कामात असला की पिंगचे उत्तर उशिरा येते किंवा येतच नाही. राउटरमधून जाणारी वाहतूक मात्र सुरळीत असते.

आणखी एक गोष्ट पाकिटाच्या आकाराची. पिंगची हाक तारेवर सगळे मिळून १०० बाइटच्या आसपास भरते. फाइल उतरवताना येणारी पाकिटे १५०० बाइटची असतात. समजा, उंदराने कुरतडलेल्या तारेत दर १,००,००० बिटांमागे एक बिट बिघडते. १०० बाइट म्हणजे ८०० बिट. असे पाकीट बिघडण्याची शक्यता साधारण ०.८ टक्के. १५०० बाइट म्हणजे १२,००० बिट; येथे ती ११ टक्क्यांहून अधिक होते. म्हणजे दर नऊ मोठ्या पाकिटांमागे एक वाया जाते, काम रखडत चालते, आणि हाका मारणारा संगणक म्हणतो की शंभरांतल्या अठ्ठ्याण्णव हाकांना ओ मिळाली. शिक्षकांनी हे गणित अकरावी-बारावीच्या वर्गात अवश्य करून घ्यावे. (०.९९९९९ चा १२,००० वा घात काढायला लावला की लॉगॅरिदमचा सरावही होतो.)

शेजारच्याने 'हजर' म्हणण्याचा प्रकारही येथे आहेच. दोन उपकरणांना चुकून एकच पत्ता दिला गेला, तर पहिले बंद पडल्यावर दुसरे खुशाल ओ देत राहते.

आता लाल ठिपका, म्हणजे मौनाचा अर्थ. उपकरण बंद आहे, तार तुटली आहे, वाटेतला राउटर बसला आहे, परतीची वाट चुकली आहे, गर्दीत पाकीट टाकून दिले गेले आहे: या सगळ्यांचे फळ एकच, शांतता. शिवाय जाणूनबुजून धरलेले मौन असते आणि त्याला इतिहास आहे. १९८९ च्या नियमपत्राने इंटरनेटवरील प्रत्येक संगणकाला प्रतिध्वनी देणे बंधनकारक केले होते. तो काळ परस्परविश्वासाचा होता. १९९६ मध्ये असे उघडकीस आले की मर्यादेपेक्षा मोठ्या आकाराची पिंग तुकड्यातुकड्यांनी पाठवली, तर ती जोडताना त्या काळचे अनेक संगणक कोलमडतात. ऑगस्ट २००३ मध्ये वेल्चिया नावाच्या संगणक-किड्याने जिवंत संगणक हुडकण्यासाठी पिंगचा असा मारा केला की त्या हाकांनीच जाळी तुंबली. अनेक ठिकाणी पिंगला दारातच अडवण्यास सुरुवात झाली. २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सुधारित संचापासून तर घरच्या साध्या संगणकातली फायरवॉलही बाहेरच्या पिंगला उत्तर न देण्याचा पवित्रा आपणहून घेऊ लागली. आईने 'अनोळखी हाकेला ओ देऊ नकोस' असे बजावलेल्या मुलाचे मौन आणि घरात नसलेल्या मुलाचे मौन बाहेरच्याला सारखेच.

थोडक्यात, ओ हा थोड्याशा गोष्टीचा भक्कम पुरावा आहे आणि मौन हा मोठ्या गोष्टीचा कच्चा पुरावा. इशारे देणारी व्यवस्था चांगली की वाईट, हे ती या कच्च्या पुराव्याला कसे वागवते यावरून ठरवावे.

येथे प्रत्यक्ष उदाहरण म्हणून 'नागिओस' घेऊ. ईथन गॅलस्टॅड यांनी १९९९ मध्ये 'नेटसेंट' या नावाने ही आज्ञावली खुली केली. २००२ मध्ये तिचे नाव बदलून नागिओस झाले. जगभर ती वापरली गेली आणि तिच्यातल्या कल्पना नंतरच्या अनेक आज्ञावल्यांत उतरल्या. तिची पहिली चांगली कल्पना अशी, की एका मौनावर विश्वास ठेवायचा नाही. पहिल्यांदा ओ आली नाही की उपकरणाची स्थिती 'मऊ' बिघाडाची मानली जाते. ठरवलेल्या संख्येइतक्या हाका लागोपाठ वाया गेल्या तरच ती 'टणक' होते आणि मगच माणसाला उठवले जाते.

याची गरज आकड्यांनी लगेच पटते. समजा, २०० उपकरणे आहेत आणि प्रत्येकाला मिनिटाला एक हाक. दिवसाला २,८८,००० हाका झाल्या. सगळे व्यवस्थित असताना शंभरांतली एक हाक सहज हरवते असे धरू. प्रत्येक मौनाला इशारा द्यायचा ठरवले, तर दिवसाला २,८८० खोटे इशारे, म्हणजे दर अर्ध्या मिनिटाला एक! आता लागोपाठ तीन हाका हरवल्या तरच इशारा, असा नियम करू. तिन्ही हरवण्याची शक्यता ०.०१ गुणिले ०.०१ गुणिले ०.०१, म्हणजे दहा लाखांत एक. दिवसाला ०.२९ इशारे, म्हणजे साडेतीन दिवसांत एखादा. किंमत एवढीच की खरा बिघाड दोन-तीन मिनिटे उशिरा कळतो.

गणित सुंदर आहे आणि येथेच माझी मुख्य तक्रार आहे. हा गुणाकार तेव्हाच करता येतो, जेव्हा तीन घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतात. नाणे तीनदा उडवताना त्या असतात. जाळ्यात हाका हरवतात त्या बहुधा गर्दीमुळे, आणि गर्दी एका क्षणापुरती येत नाही. शाळा सुटल्यावरच्या फाटकासारखी ती काही मिनिटे टिकते. त्या काळात पहिली हाक हरवली तर दुसरी आणि तिसरीही हरवण्याचा संभव पुष्कळच वाढतो. तीन साक्षीदार आणले खरे, पण तिघेही एकाच खिडकीतून पाहत होते. म्हणून कागदावर साडेतीन दिवसांत एक येणारा खोटा इशारा प्रत्यक्षात रोज संध्याकाळी येतो. उपाय हाकांची संख्या वाढवणे हा नव्हे, तर साक्षीदार वेगळ्या जातीचे आणणे हा आहे: दुसऱ्या ठिकाणाहून हाक मारणे, पान खरोखर उघडून त्यात अपेक्षित शब्द आहे का ते पाहणे, राउटरला त्याच्या आतल्या चुकांचे आकडे विचारणे. नागिओसमध्ये या सगळ्याची सोय आहे. पण पिंग फुकट आणि तयार मिळते, म्हणून पुष्कळ ठिकाणी गाडी पिंगपाशीच थांबते. हा दोष आज्ञावलीचा की वापरणाऱ्यांचा? मी दोघांनाही देईन. ज्या पडद्यावर 'चालू' असा शब्द लिहिलेला असतो तेथे 'ओ देतो' असे लिहायला काही जास्त जागा लागत नाही.

मौन म्हणजे धोका, हे सरसकट धरून उत्तम चाललेली एक व्यवस्था आहे, तिच्याशी तुलना करून पाहावी. विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या रेल्वेच्या रूळ-मंडलात रुळांमधून सतत थोडा विद्युतप्रवाह वाहतो आणि एका रिलेला धरून ठेवतो. गाडी आली की तिच्या आसांतून प्रवाह जवळच्या वाटेने वळतो, रिले सुटतो, सिग्नल लाल होतो. बॅटरी संपली, तार तुटली, रूळ भंगला, तरीही सिग्नल लालच. तेथे मौनाचा अर्थ 'थांबा' एवढाच घ्यायचा असतो. चूक झाली तर गाडी काही मिनिटे उगाच खोळंबते. शिवाय धडधाकट मंडलात प्रवाह शंभरांत एकदा आपोआप हरवत नाही. पिंगच्या इशाऱ्यात लाल दिव्यापुढे गाडी नसते, माणूस असतो. गाडीला लाल दिव्याचा कंटाळा येत नाही. माणूस महिनाभर 'लांडगा आला रे' ऐकून शेवटी मोबाइलचा आवाज बंद करून झोपतो, आणि यात त्याला दोष देता येत नाही.

नागिओसची दुसरी कल्पना मला अधिक मोलाची वाटते. कोणते उपकरण कोणाच्या मागे जोडलेले आहे, हा वंशवृक्ष तिला सांगून ठेवता येतो. मधला राउटर बंद पडला की त्यामागच्या चाळीस संगणकांबद्दल ती 'बंद' असे म्हणत नाही, 'पोचता येत नाही' असे म्हणते. पूल वाहून गेला म्हणून पलीकडच्या गावाची खबर येत नाही. गाव बुडाले असे आपण जाहीर करत नाही. आपल्या अज्ञानाला वेगळे नाव देणारी यंत्रे थोडी असतात. अर्थात हा वृक्ष माणसाने हाताने लिहायचा असतो, तारा मात्र दर सुट्टीत हलवल्या जातात. मग जुना वृक्ष आत्मविश्वासाने चुकीच्या राउटरकडे बोट दाखवतो.

इशारा देऊन थांबण्याऐवजी यंत्राने मौनावरून स्वतःच कृती केली तर काय होते, हे ४ ऑक्टोबर २०२१ रोजी दिसले. भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले असताना फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम एकदम बंद पडले आणि सुमारे सहा तास बंद राहिले. कंपनीने नंतर कारण सांगितले. देखभालीदरम्यान दिलेल्या एका आज्ञेने तिची माहिती-केंद्रे एकमेकांना जोडणारे मुख्य जाळेच तुटले. अशी आज्ञा अडवायला ठेवलेल्या तपासनीस आज्ञावलीतही दोष होता. पण विषयाला धरून महत्त्वाचा भाग पुढचा. नावावरून पत्ता सांगणारे कंपनीचे सर्व्हर जागोजागी धडधाकट होते. त्यांना नियम घालून दिलेला होता: माहिती-केंद्राशी बोलता आले नाही, तर आपलीच जोडणी बिघडली आहे असे समजून स्वतःला इंटरनेटवरून काढून घ्यावे. एखाद-दुसरा सर्व्हर एकाकी पडण्याच्या प्रसंगासाठी नियम शहाणपणाचा होता. त्या रात्री सगळ्यांनाच मौन ऐकू आले आणि सगळ्यांनीच प्रामाणिकपणे स्वतःला काढून घेतले. दुरुस्तीची नेहमीची साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष इमारतीत जावे लागले.

हा शेवटचा मुद्दा लहान जाळ्यांनाही लागू आहे. हाका मारणारा संगणक ज्या जोडणीवरून इशारा पाठवतो, तीच तुटली तर इशारा कसा पोचणार? आणि हाका मारणाराच बंद पडला तर? पडद्यावर शेवटचे हिरवे ठिपके तसेच असतात, मोबाइल शांत असतो, आणि ही शांतता 'सारे ठीक' या शांततेहून वेगळी ओळखता येत नाही. आपल्या गल्लीतल्या गुरख्याने हा प्रश्न कधीच सोडवला आहे. चोर आला तरच ओरडायचे, असे तो करत नाही. दर तासाला काठी आपटत जातो. काठी ऐकू आली नाही की अर्धवट झोपेतही कोणाला तरी चुकचुकते. इशारा-व्यवस्थेनेही रोज ठरल्या वेळी, दुसऱ्या मार्गाने, 'मी आहे' असा संदेश धाडावा, आणि तो न आल्यास विचारपूस करणारा कोणीतरी जाळ्याबाहेर असावा. अशी सोय सहज करता येते; किती ठिकाणी केलेली असते, हे शिक्षकांनी आपल्या शाळेच्या संगणक-कक्षात विचारून पाहावे.

तेथेच एक प्रयोगही करता येईल. एकाच स्विचला जोडलेले चार विंडोज संगणक घ्यावेत. पहिला नेहमीसारखा चालू, त्याच्या फायरवॉलमध्ये पिंगला परवानगी दिलेली. दुसरा चालू, पण फायरवॉल पिंगला अडवणारी. तिसरा पूर्ण बंद. बंद करून दहा मिनिटे जाऊ द्यावीत. चौथ्यावरून विद्यार्थ्यांनी तिघांना पिंग करावे, कोणता संगणक कोणत्या अवस्थेत आहे हे त्यांना न सांगता. पहिल्याकडून उत्तर येईल. दुसऱ्याकडून 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', म्हणजे निव्वळ मौन. त्यानंतर लगेच 'एआरपी उणे ए' ही आज्ञा दिली, तर दुसऱ्या संगणकाचा यांत्रिक पत्ता यादीत दिसेल. तोंड मिटलेला हा संगणक जिवंत आहे, हे त्यावरून कळते, कारण तो पत्ता त्यानेच नुकताच कळवलेला असतो. तिसऱ्याबाबत 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' असे उत्तर येईल. ते कोणी पाठवले, हे त्या ओळीतला पत्ता वाचून मुलांना शोधू द्यावे: तो चौथ्या संगणकाचा स्वतःचाच पत्ता असतो. मग त्यांना शेवटची बेरजेची ओळ वाचायला सांगावी. स्वतःचेच हे उत्तर विंडोज 'मिळालेले उत्तर' म्हणून मोजते, आणि बंद असलेल्या संगणकापुढे लिहिलेले असते: पाठवली चार, मिळाली चार, हरवली शून्य टक्के.